बसचं मागचं चाक

सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेनं जातो. डावीकडे वळणाऱ्या बसचा धोका नेमका तिथेच असतो. वळताना मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं न जाता आतून जातं. ओल्या मातीत सायकल वळवून मुलांना या दोन वाटा दाखवता येतील.

बसच्या पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर अंतर धरू. डावं पुढचं चाक १० मीटर त्रिज्येनं फिरत राहिलं, तर वळणाचा मध्य आणि ही दोन चाकं यांचा काटकोन त्रिकोण होतो. पायथागोरसप्रमाणे मागच्याची त्रिज्या ८ मीटर! बसचं तोंड सुखरूप पुढे गेलंसं वाटतं, तेव्हा मागचं चाक २ मीटर आत येत असतं. ड्रायव्हरला आरशात ही जागा पुरती दिसतेच असं नाही. आम्ही तरी सिग्नलला बसच्या डावीकडे न शिरता मागेच थांबतो. मिनिटभर धूर खावा लागतो, एवढंच.