लोणारचं पाणी गुलाबी झालं, मग सावरलं

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीव फोफावले होते. पावसाने क्षार पातळ झाले आणि मूळ रंग परतला.

या सावरण्याची मोजणी कशी करायची? पूर्वस्थितीला यायला किती वेळ लागला, हे एक माप. कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी 1973 मध्ये दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं माप पुढे आणलं: व्यवस्था स्वतःची घडण न बदलता किती धक्का पचवते? ही घडण मोडण्याचा उंबरठा जवळ आला की सावरणं मंदावतं, म्हणून एका वर्षाचा नमुना पुरत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

रंग परतला म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. लोणारचे सूक्ष्मजीव अल्कधर्मी, खाऱ्या पाण्यातच जगतात. त्यात गोडं पाणी आणि सांडपाणी सतत मिसळत राहिलं, तर ही घडणच मोडू शकते. गावाचं सांडपाणी आणि सरोवराची क्षारता, दोन्हींची नोंद एकाच वहीत हवी. लोणारकरांनो, ही मोजणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत, यासाठी आग्रह धरा.