कोरे नमुने आणि त्यांचे कप्पे

तक्रारींचे दप्तर हा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल; परंतु ज्यांची शेती शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात आहे, त्यांस तो तसा वाटण्याचे कारण नाही. वारसाचे नाव गळले किंवा परस्पर फेरफार घातला गेला, म्हणजे मनुष्य तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) धाव घेतो. त्याची हरकत कोणत्या कागदावर उतरते, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

गावाचे दप्तर 21 नमुन्यांचे. नमुन्यास आकडा, पोटनमुन्यास अक्षर. सहावा नमुना फेरफारांचा. त्याच्याच पोटात 6-अ विवादग्रस्त प्रकरणांचा आणि 6-क वारसांचा. सातवा अधिकारांचा, बारावा पिकांचा; या दोहोंच्या जोडीस आपण सातबारा म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, हिच्या 150 व्या कलमाप्रमाणे हरकत तोंडी असो वा लेखी, तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत नोंदवावयाची आणि हरकतदारास तत्काळ लेखी पोच द्यावयाची असते. वाद शक्यतो एका वर्षात निकालात निघावा, असेही तेथे म्हटले आहे. तोंडी हरकतीलाही पोच! ज्यास लिहिता येत नाही त्याच्या दृष्टीने या एका तरतुदीचे मोल आम्हांस फार मोठे वाटते.

संगणकावर तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणारी सॉफ्टवेअरे हेच काम करतात. उदाहरणार्थ ‘बगझिला’. प्रोग्रॅममधील दोषांची नोंद ठेवण्यासाठी ते 1998 साली तयार झाले. त्यात प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो, ती कोणाकडे आहे आणि मिटली की नाही हे दिसते. फरक एवढाच की, वहीत नमुना आणि नोंद एकाच कागदावर असतात. येथे नोंदी एकीकडे आणि कोरे नमुने, म्हणजे टेम्पलेट, दुसरीकडे. याचा लाभ सातबाराच्या बाबतीत आपण पाहिलाच आहे. 2020 साली त्याच्या नमुन्यात बदल झाले, गावाच्या नावाशेजारी संकेतांक आला. पण त्यासाठी कोणाच्या खात्यातील नोंद पुन्हा लिहावी लागली नाही.

आता हे नमुने ठेवावयाचे कसे? बगझिलात पहिला कप्पा भाषेचा. त्याच्या आत दोन कप्पे : ‘डीफॉल्ट’ म्हणजे मूळचे, आणि ‘कस्टम’ म्हणजे आपण घातलेले. मूळच्या कप्प्यात विषयवार खण आहेत : तक्रार, यादी, शोध, टपाल वगैरे. फायलीच्या नावातच तिचे काम आणि रूप सांगितलेले असते. त्यामुळे एकच यादी पडद्यासाठी एका नमुन्यात आणि कोष्टकासाठी दुसऱ्या नमुन्यात निघते. खरी मौज पुढे आहे. सॉफ्टवेअर आधी ‘कस्टम’मध्ये पाहते, त्याच खणात त्याच नावाची फाईल मिळाली तर ती वापरते, नाही तर मूळची उचलते.

आपल्या भागापुरते पाहू. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडमधील काही गावेच त्यात येतात. समजा, जिल्ह्यासाठी असे एक तक्रार-दप्तर केले आणि अनुसूचित गावांच्या अर्जात ग्रामसभेच्या ठरावाचा रकाना हवा झाला. मूळ नमुन्यातच तो घुसडला तर अंबरनाथच्या अर्जदारालाही तो भरावा लागेल. शिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मूळचा कप्पा बदलतो आणि आपला रकाना पुसला जातो. म्हणून त्या अर्जाची वेगळ्या नावाची प्रत ‘कस्टम’मध्ये ठेवावी व अनुसूचित गावांस तीच द्यावी. मुरबाडात मात्र तालुक्यावर भागत नाही, गाव पाहूनच अर्ज द्यावा लागेल.

यातही एक खोच आहे. नवी आवृत्ती ‘कस्टम’ला हात लावीत नाही, म्हणजे तिथली प्रत जुनीच राहते. मूळ नमुन्यात झालेली दुरुस्ती तिच्यात आपोआप येत नाही, ती हाताने ताडून घ्यावी लागते. दहा फायली असतील तर कोणी ताडील. दीडशे असतील तर कोणी पाहणार नाही. तेव्हा जेवढ्या बदलावयाच्या तेवढ्याच उचलाव्यात, आणि ताडताना पोचपावतीची फाईल सर्वांत आधी घ्यावी. ती बिघडली तर तक्रार दप्तरात असेल, पण तक्रारदाराच्या हाती काहीच नसेल.