दशांश स्थळे आणि तपासणी अहवाल

शार्ङ्गधरसंहितेतील सितोपलादि चूर्णाचे प्रमाण आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ व दालचिनी १, असे एकूण ३१ भाग होतात. हेच प्रमाण बॅचच्या नोंदवहीत टक्केवारीने मांडताना मात्र चूक होण्याचा संभव असतो. वेलदोड्याचे खरे प्रमाण ६.४५१६ टक्के येते. एकाने ते ६.५ असे लिहिले व दुसऱ्याने त्या ६.५ चे ७ केले, की ५२, २६, १३, ७ व ३ यांची बेरीज १०१ होते. मूळ आकड्यावरूनच पूर्णांक काढला असता तर ६ आला असता व बेरीज १०० जमली असती.

बेरीज जमली तरी वजन जमेलच असे नाही. ५० किलोच्या बॅचला वेलदोडे ३.२२६ किलो लागतात. ७ टक्के धरल्यास ते ३.५ किलो होतात, ६ टक्के धरल्यास ३ किलो. म्हणून घटकद्रव्यांचे वजन टक्केवारीवरून न काढता एकूण वजनास ३१ ने भागून थेट भागांवरूनच काढावे, असे आम्ही सुचवितो.

या चुकीचे मूळ आकडा दोनदा आसन्न करण्यात, म्हणजे दोनदा ‘राउंड ऑफ’ करण्यात आहे. संगणकावरील तक्त्यात ही गोष्ट सहज नजरेआड होते. पडद्यावर ६.५ दिसत असले तरी आत ६.४५१६ हाच आकडा असतो व पुढील गणित त्यावरच चालते. दिसणारा आकडा उतरवून दुसऱ्या तक्त्यात भरला, की अचूकता गमावलीच.

तपासणी अहवालात याचे परिणाम अधिक गंभीर होतात. केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. त्यात कॅडमियमची मर्यादा ०.३ पीपीएम व शिशाची १० पीपीएम आहे. समजा, कॅडमियम ०.३४६ आढळले. मर्यादा एका दशांश स्थळाची असल्याने हा आकडा एकदाच आसन्न केल्यास ०.३ येतो व माल उत्तीर्ण ठरतो. तोच आधी ०.३५ व मग ०.४ केल्यास चांगला माल नापास होतो. याउलट, ०.३५२ मधील पुढचे अंक नुसते छाटून ०.३ लिहिल्यास सदोष माल रुग्णापर्यंत पोहोचतो. यातील दुसरी चूक आम्ही अधिक घातक मानतो.

नेमका ५ आला तर काय करावे, यावरही दोन पद्धती आहेत. अमेरिकेच्या औषधिसंहितेनुसार ५ आल्यास मागील अंक एकाने वाढतो. भारतीय मानक आय. एस. २ च्या १९६० मधील आवृत्तीनुसार ५ नंतर काहीही नसेल, तर मागील अंक सम होईल अशा रीतीने आकडा घ्यावयाचा असे. शिसे १०.५ आढळल्यास पहिल्या पद्धतीने ११ येऊन माल नापास होतो, तर दुसरीने १० येऊन उत्तीर्ण होतो. म्हणून कोणती पद्धत वापरावयाची हे निकाल हाती येण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. मालासाठी एखादी संहिता बंधनकारक असेल, तर तिचाच नियम पाळावा.

फार्मसीचालकांनी प्रयोगशाळेकडून अंतिम निकालाबरोबर मूळ वाचनेही मागवावीत. मधल्या पायऱ्यांत सर्व अंक कायम ठेवावेत, शेवटी एकदाच आसन्न करावे आणि तेही मर्यादेत जितकी दशांश स्थळे असतील तितक्यांपर्यंतच. मर्यादेच्या काठावरील निकाल आला, तर अंकांच्या आधारे समाधान न मानता त्या बॅचची फेरतपासणी करावी. वैद्याचा औषधावरील विश्वास आपल्या नोंदींच्या खरेपणावरच उभा असतो.