वैद्यकीय प्रवेशातील अपयश : परखड सल्ला कसा पारखावा?

नवी दिल्ली : वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला की प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्याला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. 'पात्र ठरलास, मग प्रवेश का नाही?' हे पहिले आणि 'हे तुला झेपणार नाही, नाद सोड' हे दुसरे. पहिले वाक्य माहितीच्या अभावातून येते, तर दुसऱ्यात तथ्य असू शकते. मात्र ते तपासल्याखेरीज स्वीकारणे वा झिडकारणे दोन्ही घातकच.

पात्रता आणि प्रवेश

2025 मध्ये सुमारे 22.09 लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि 12.36 लाख विद्यार्थी पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या घरात आहेत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी साधारण एकालाच जागा मिळू शकते. त्या वर्षी खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची किमान रेषा 720 पैकी 144 गुणांची होती. शासकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी याच्या कितीतरी पट अधिक गुण लागतात. त्यामुळे प्रवेश हुकणे हा विद्यार्थ्याच्या बुद्धिमत्तेचा निवाडा ठरत नाही. मोठा भाग जागांच्या टंचाईचाच असतो.

सल्ला कोणत्या राज्याचा?

'इतक्या गुणांवर अमक्याला प्रवेश मिळाला' हा दाखलाही सरसकट लागू पडत नाही. राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित 85 टक्के जागा राज्याच्या नियमांनुसार भरल्या जातात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी राज्यातूनच उत्तीर्ण होण्याची अट असते. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याने पुण्यातील नातेवाइकाच्या अनुभवावर विसंबण्यापूर्वी ही बाब पडताळून पाहणे आवश्यक आहे.

पुन्हा प्रयत्न करावा का?

या परीक्षेसाठी कमाल वयोमर्यादा नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही. दार उघडे असल्यामुळेच निर्णय अवघड होतो. अशा वेळी एकूण गुणांपेक्षा उत्तरपत्रिकेचे विश्लेषण अधिक उपयोगी ठरते. 180 प्रश्नांच्या परीक्षेत अचूक उत्तराला 4 गुण मिळतात, तर चुकीसाठी 1 गुण वजा होतो. 140 उत्तरे बरोबर आणि 40 चूक असल्यास 520 गुण होतात. त्या 40 पैकी 20 प्रश्न सोडून दिले असते, तर तेच गुण 540 झाले असते. नुकसान अंदाजाने उत्तरे दिल्यामुळे झाले असेल, तर सवय बदलून ते भरून काढता येते. भौतिकशास्त्राचा पायाच कच्चा असेल, तर केवळ जिद्दीवर आणखी एक वर्ष खर्ची घालणे उचित नाही. 'नेमके काय कमी पडले' याचे उत्तर देणारा सल्ला कटू असला, तरी मोलाचा असतो. ते न देणारा केवळ टोमणा असतो.

पर्यायांची पारख

दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेशही 'नीट'च्याच गुणांवर होतात. परदेशातील एमबीबीएसचा मार्ग सोपा असल्याचा सल्ला मात्र सावधपणे घ्यावा. त्यासाठीही 'नीट' पात्रता लागते. शिवाय परतल्यावर चाळणी परीक्षेत 300 पैकी किमान 150 गुण मिळवावे लागतात आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही कमी राहिले आहे.

परखडपणाची मर्यादा

स्पष्ट बोलणे आणि अपमान करणे यांतील सीमारेषा न्यायालयानेही अधोरेखित केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणी संस्थांनी गुणांच्या आधारे वेगळ्या तुकड्या पाडणे आणि विद्यार्थ्यांना चारचौघांत लज्जित करणे टाळायचे आहे. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमणेही आवश्यक आहे.

झोप उडणे, जेवण तुटणे, संवाद थांबणे किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ही लक्षणे दिसल्यास पुढील प्रयत्नाची चर्चा बाजूला ठेवून पालकांनी तातडीने मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून मराठीसह विविध भारतीय भाषांत तेथे बोलता येते.