षड्जावांचून स्वरसंघ

गिटारीवर जॅझ वाजविणाऱ्या आमच्या नातवानें कॉर्डमधून, म्हणजे स्वरसंघांतून, षड्जच गाळिला. तेव्हां आम्ही त्यास रागें भरलों. अज्ञान आमचेंच होतें. नवमस्वरयुक्त संघांत सा, ग, प, कोमल नि व वरचा रे असे ५ स्वर. तारा दाबणारीं बोटें मात्र ४. षड्ज बासवाला सांभाळतो, म्हणून तो सोडावा. ग व नि सोडूं नयेत, कारण संघाची ओळख त्यांतच असते. उरलेल्या चौघांपैकीं प्रत्येकास आळीपाळीनें तळाशीं बसविलें कीं ४ रूपें होतात. बोटें न पोंचल्यास वरून दुसरा स्वर एक सप्तक खालीं उतरवावा. परवां त्याच्या मित्रानें बासवर षड्ज धरिला आणि चारही रूपें उजळलीं. वाचकहो, आधीं ऐकावें, मग रागवावें.