वर्षदिनी मित्राच्या घरी जाताना

ज्या घरातील मुलाने अथवा मुलीने स्वतःच आपले जीवन संपवले, त्या घरी वर्षदिन जवळ येतो तेव्हा आप्तेष्टांची पावले जड होतात. आजाराने वा अपघाताने गेलेल्या माणसाच्या वर्षदिनी काय करावे हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मिस्सा ठेवावी, कबरीवर फुले वाहून मेणबत्ती लावावी, चार नातलगांना जेवू घालावे. येथे मात्र काय बोलावे हे सुचत नाही म्हणून आपण जातच नाही. शोकात बुडालेले आईवडील आपल्या न येण्याचा अर्थ निराळाच लावतात. आपले मूल सर्वांच्या विस्मरणात गेले, किंवा त्याचे नाव घेण्याचीही लोकांना लाज वाटते, असे त्यांना वाटू लागते.

काल्हेरसारख्या ठिकाणी हा एकटेपणा अधिक बोचतो. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दुतर्फा गोदामे लागतात आणि त्यांच्या मागेपुढे गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. मूळ गावकऱ्यांचे घर असेल तर सारा गाव ओळखीचा असतो. पण नव्या संकुलात राहायला आलेल्या कुटुंबाला शेजाऱ्यांपैकी फारच थोडे जण नावानिशी ओळखतात, आणि घटनेनंतर ते घर घटनेवरूनच ओळखले जाऊ लागते. लिफ्टमध्ये बोलणे थांबते. त्या मुलाचा आवाज, त्याची खोड, त्याची क्रिकेटची बॅट ज्यांना आठवते अशी माणसे तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आपण त्यांपैकी एक असू, तर आपल्या जाण्याला फार मोल आहे.

अशी घरे थोडी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. या प्रत्येकाच्या घरी दरवर्षी तो दिवस उगवतो.

प्रत्यक्ष त्या दिवसापेक्षा आधीचे आठ-पंधरा दिवस अनेकदा अधिक कठीण जातात, हे मित्रांनी ध्यानात ठेवावे. झोप उडते, अन्न जात नाही, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते. मुलगा बारावीच्या वर्षात गेला असेल, तर निकालाची बातमी, त्याच्या वर्गमित्रांचे कॉलेजप्रवेश, एवढेच काय रिक्षाला टेकून उभा असलेला त्याच वयाचा मुलगाही जखम उघडी करतो. हल्ली यात मोबाइलची भर पडली आहे. ‘गतवर्षी याच दिवशी’ म्हणून जुना फोटो न मागता समोर येतो. त्यामुळे आपला पहिला फोन वर्षदिनाच्या आदल्या आठवड्यात व्हावा.

आणखी एक बारकावा आहे. आपल्या भागात सर्व धर्मांची घरे शेजारी शेजारी आहेत. आपण ख्रिस्ती लोक तारखेनुसार वर्षदिन पाळतो. हिंदू कुटुंबात वर्षश्राद्ध तिथीनुसार होते आणि तिथी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे येते. मुस्लिम कुटुंबात हिजरी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे काही आईबापांना हा दिवस दोनदा सोसावा लागतो, एकदा विधीचा आणि एकदा आठवणीचा. विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते. तारखेच्या दिवशी मात्र कोणीही नसते, म्हणून त्या दिवशी जावे.

फोनवर बोलायचे ते थोडके असावे. “परवाचा दिवस माझ्या ध्यानात आहे, वहिनी. सकाळी येऊ की संध्याकाळी?” एवढे पुरते. “काही लागले तर सांगा” हे वाक्य आपण सद्भावनेनेच म्हणतो, परंतु काय लागणार हे ठरवण्याचे ओझे त्यामुळे पुन्हा त्याच थकलेल्या माणसावर पडते. त्यापेक्षा “दुपारचा डबा मी आणते” हे बरे. “नको, येऊ नका” असे उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

घरी गेल्यावर मुलाचे नाव घ्यावे. आमच्या मते साऱ्या भेटीचे सार यातच आहे. नाव घेतल्याने आईला रडू कोसळेल याची आपल्याला भीती वाटते. पण ती त्या क्षणीही त्याचाच विचार करत असते, आपण तिला नव्याने काही आठवून देत नसतो. तो कसा गेला हे विचारू नये. ते पोलिसांनी विचारून झाले आहे. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, वारंवार द्यावे लागलेले जबाब, हे सारे त्या कुटुंबाने दुःखाच्या पहिल्या दिवसांतच सोसलेले असते. तो कसा जगला हे विचारावे, आणि आपल्यापाशी त्याची एखादी लहानशी आठवण असेल, आईवडिलांना ठाऊक नसलेली, तर ती सांगावी. एक वर्षानंतर मुलाविषयी काही नवे ऐकायला मिळणे यासारखी दुसरी भेट नाही.

“देवाची इच्छा”, “आता धाकटीकडे पाहून दिवस काढा”, “काळ हेच औषध” ही वाक्ये टाळावीत. मुलाला भित्रा वा स्वार्थी म्हणून आईबापांचा दोष हलका करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. “मी त्या दिवशी लवकर घरी आलो असतो तर?” हा प्रश्न वडील शंभर वेळा विचारतील. त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही. “तुमची काही चूक नव्हती” असे घाईने म्हणून तो प्रश्न मिटत नाही. शांतपणे ऐकून घ्यावा, पुन्हा विचारला तर पुन्हा ऐकावा. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते, हे मात्र योग्य वेळी सांगता येईल. मानसिक आजार, अपेक्षांचे ओझे, एखादा अपमान, क्षणाचा आवेग असे बरेच काही एकत्र आलेले असते. ‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ आहे आणि आईच्या कानाला तो तसाच लागतो. तिच्यासमोर “तो गेला तेव्हा” असे म्हटले तर बिघडत नाही.

ख्रिस्ती घरांत याहून खोल असा एक घाव असतो. माझ्या मुलाला तारण मिळेल का? वडीलधाऱ्यांनी लहानपणी ऐकलेले असते की अशा मृतांना ख्रिस्तसभा दफनविधी नाकारते. १९१७ च्या धर्मसभा-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारणारा नियम होता हे खरे. १९८३ च्या कायद्यात तो नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात जीवन हे देवाचे दान आहे, ते संपवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे स्पष्टपणे म्हटले आहे. त्याचबरोबर गंभीर मानसिक व्यथा, तीव्र भय वा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेही त्यात नमूद आहे. हे क्रमांक २२८२ व २२८३ मध्ये वाचता येते. आपल्या मित्राला हे ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे. वाद न घालता ते सांगावे, किंवा त्याला धर्मगुरूंकडे घेऊन जावे.

मिस्सा ठेवायची असेल तर कार्यालयात जाऊन ती लिहून घेण्याचे काम आपण करू शकतो. मात्र नाव वेदीवरून मोठ्याने घ्यावे की नाही, हे आईवडिलांना आधी विचारावे. काहींना ते हवे असते, काहींना त्या नावासरशी मागे वळणाऱ्या माना सहन होत नाहीत. व्हॉट्सॲपवर मुलाचा फोटो ठेवण्यापूर्वीही असेच विचारावे.

कायद्याची दृष्टीही बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते, आणि तिच्या शुश्रूषेची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. हा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. समाजाची दृष्टी त्या मानाने मागे रेंगाळली आहे, असे आम्हाला वाटते.

घरातील दोघांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पहिले म्हणजे वडील. आईभोवती बायका बसतात, वडील दारात उभे राहून आलेल्यांना पाणी देतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. त्यांच्याबरोबर खाडीकाठी एक फेरी मारावी. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते चालता चालता बोलले जाते. दुसरे म्हणजे भावंडे. आता आईबापांना आणखी दुःख द्यायचे नाही म्हणून ती आपले दुःख गिळतात. त्यांची स्वतंत्र विचारपूस व्हावी.

सावधगिरीचा एक भागही सांगणे आवश्यक आहे. आत्महत्येने मूल गमावलेल्या आईवडिलांच्या मनातही तसे विचार येण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. “मलाच त्याच्याकडे जायचे आहे” असे मित्र म्हणाला, तर ते शोकाचे बोलणे समजून सोडून देऊ नये. “तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते, मराठीतही. पुलापलीकडे ठाण्यात १९९० पासून आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था कार्यरत आहे.

शिकागो धर्मप्रांताच्या कॅथोलिक चॅरिटीज संस्थेत फादर चार्ल्स रुबी यांनी १९७९ मध्ये आत्महत्येने जिवलग गमावलेल्यांसाठी एक आधारगट सुरू केला. तेथे एका दुःखी घराला दुसरे दुःखी घर भेटते. काल्हेर-कशेळी-पूर्णा परिसरात असा गट सुरू करायला चार खुर्च्या आणि महिन्यातील एक संध्याकाळ पुरेल. दोन घरांची परस्परांशी गाठ घालून देणे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. फक्त दोन्ही घरांची संमती आधी घ्यावी.

वर्षदिनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फोन करावा. त्यानंतर मुलाचा वाढदिवस येईल, नाताळ येईल आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत गर्दी होईल. तेथे त्या आईबापांशेजारी उभे राहायला कोणी आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.