तिकीट सोडवू नका, अख्खं पाकीट ठेवा!

पूर्वी घरोघरी आलेली पत्रं वाचून झाली की तारेला टोचून ठेवत. तशी एखादी तार अजूनही माळ्यावर सापडते आणि घरातलं कुणीतरी हौसेनं कात्री घेऊन तिकिटं कापायला बसतं. थांबा! सुटं झालेलं तिकीट इतर हजारो तिकिटांसारखंच दिसतं. पाकिटावर असताना मात्र त्याच्या अंगावर शिक्का असतो, शिक्क्यात गाव आणि तारीख असते, शेजारी पत्ता असतो. गावाचा इतिहास शोधणाऱ्याला हवं असतं ते हेच.

त्या तारेत पाकिटांसोबत पोस्टकार्डंही असतात. पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा निघालं १ ऑक्टोबर १८६९ रोजी, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे ते आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. बंद पाकिटाला अर्धा आणा पडायचा, त्यामुळे निम्म्या खर्चात खुशाली कळू लागली आणि कार्ड बघता बघता घराघरांत पोचलं.

त्या एवढ्याशा कागदात मजकूर बसवण्याची हातोटी बघतच राहावी. वर मधोमध ‘॥ श्री ॥’. खाली ‘ती. स्व. दादांस शि. सा. न. वि. वि.’ झाला शिरसाष्टांग नमस्कार, झाली विनंती! धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद), शेवटी ‘क. लो. अ.’ (कळावे, लोभ असावा). मग आठवतं की म्हशीचं सांगायचं राहिलं. ते समासात उभं लिहायचं. तरी उरलंच तर ‘श्री’च्या डोक्यावर उलटं. पोस्टमन वाचेल याची फिकीर कुणालाच नव्हती. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकवाचं बोट लागे. निधनाचं कार्ड मात्र वाचल्याबरोबर फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणून जुन्या गठ्ठ्यांत लग्नं भरपूर भेटतात, मृत्यू क्वचितच.

शिक्क्यातली तारीख पुसली असेल तरी हरकत नाही, बाकीच्या खुणा बोलतात. तिकिटावर ‘नये पैसे’ दिसले की ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. १९६४ मध्ये ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. या पिनकोडचे जनक म्हणजे संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर! त्याआधीच्या पत्रांवर ‘पुणे ३०’, ‘मुंबई २८’ एवढंच असतं. तेच आकडे पुढे ४११०३० आणि ४०००२८ च्या शेपटीला जाऊन बसले.

सगळ्यात गोड खूण वर्ध्याची. गांधीजी राहायला गेले त्या गावाचं नाव होतं सेगाव. पण नागपूर-मुंबई रेल्वेमार्गावर गजानन महाराजांचं शेगावही होतं, आणि बापूंची पत्रं तिकडे जाऊ लागली. हा घोळ मिटवायला १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं. त्यामुळे वर्ध्याजवळच्या ‘सेगाव’ला बापूंच्या नावे आलेलं पाकीट बहुधा १९४० च्या आधीचं समजावं. टपालाच्या गोंधळातून गावाला नवं नाव मिळालं, आणि तेही किती सुंदर!

मराठवाड्याची पाकिटं तर स्वतंत्र खजिनाच. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाचं टपाल वेगळं होतं, तिकिटंही १८६९ पासून वेगळी. औरंगाबादहून जालन्याला पत्र टाकायचं तर निजामाचं तिकीट चाले. पुण्याला टाकायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. संस्थानाच्या जुन्या तिकिटांवर किंमत चार भाषांत छापलेली असे, त्यात मराठीही होती. १९३१ च्या चित्रमालिकेत आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार झळकलं आणि एक रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. १९५० मध्ये ही तिकिटं बंद झाली. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत अशी पाकिटं आजही निघत असतील. ती रद्दीत गेली तर फार मोठं नुकसान आहे.

गोव्यात पोर्तुगीज तिकिटं होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि काही दिवसांतच भारतीय तिकिटं आली. त्या संधिकाळातल्या पाकिटांवर संग्राहकांचा डोळा असतो.

अहमदनगरचा शिक्का आणि जर्मन मजकूर एकाच कार्डावर दिसला तर चक्रावू नका. पहिल्या महायुद्धात तिथल्या छावणीत जर्मन नागरिक आणि कैदी ठेवले होते.

चित्रांच्या पोस्टकार्डांचीही मजा आहे. रविवर्मा प्रेसनं कार्डं छापली, तर कोल्हापूरच्या एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांसाठी रंगवली. सुरुवातीच्या कार्डांत मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव असे. निरोप चित्राच्याच कडेला लिहावा लागे. चित्रावर शाई दिसली म्हणून कार्ड खराब समजू नका, ती त्याच्या वयाची साक्ष आहे.

आणि विमान? जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल उडालं ते आपल्याच देशात, अलाहाबादेत, १८ फेब्रुवारी १९११ ला. आँरी पेके या फ्रेंच वैमानिकानं सुमारे साडेसहा हजार पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. त्या पत्रांवर खास शिक्का आहे.

पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो. विक्रेता आधी राजा-राणीच्या तिकिटांचा अल्बम पुढे करील. तो बाजूला ठेवा आणि आपल्या तालुक्याच्या शिक्क्याची कार्डं मागा. लहान गावाचा स्पष्ट शिक्का मिळाला तर सोडू नका. घरी आणल्यावर सेलोटेप, गोंद, स्टेपल यांपैकी काहीही लावू नका. पाकिटाची मागची बाजूही बघा: पोचल्याच्या गावाचा शिक्का बहुधा तिथे असतो, आणि दोन तारखांमधल्या अंतरावरून पत्र किती दिवसांत पोचलं ते लगेच कळतं.